लॅपटॉपचा स्क्रू उघडायचा कुणी?

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्यापैकी कुणाला पाठ करावी लागत नाही. २०२५ साली नेमक्या याच तारखेला मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज १० ला दिला जाणारा आधार थांबवला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधायची गरज नाही. पण त्या आठवड्यात वणीतल्या आमच्या अभ्यास केंद्रात जी चर्चा झाली, ती मात्र विचार करायला लावणारी होती. म्हणून हे लिहितो आहोत.

केंद्रात तेव्हा पाच लॅपटॉप होते. त्यातल्या दोघांच्या पडद्यावर सूचना येऊ लागली की हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. 'पात्र नाही' हा शब्द आपल्या ओळखीचा. शिष्यवृत्तीच्या यादीत, घरकुलाच्या यादीत, नोकरीच्या यादीत तो आपण वाचत आलो आहोत. आता यंत्रालाही लागू झाला. एक कार्यकर्ता लगेच म्हणाला, "फेका न भाऊ हे डबडे. निवडणूक तोंडावर आहे. साहेबाले सांगू, पाच नवे देईन." दुसरा म्हणाला, "लॅपटॉप पाह्यजेच कायले? सगळं तर मोबाईलवर होते." आणि तिसरे, वयानं मोठे, जरा चिडूनच म्हणाले, "बाबासाहेबांच्या नावानं केंद्र काढलं आणि इथं रॅम नि हार्ड डिस्कच्या गोष्टी! याचा चळवळीशी काय संबंध?"

तिघांनाही उत्तर द्यायचं आहे. पण आधी दोन वर्षांपूर्वीची एक रात्र सांगावी लागेल, कारण आमच्या रागाचं मूळ तिथं आहे, आणि तो राग दुसऱ्या कुणावर नाही, स्वतःवरच आहे.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीला नागपूरला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात नंबर लागला नाही. अशा अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात राहणाऱ्याला तिच्यातून भोजन, निवास आणि निर्वाहापोटी वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत मिळतात. अर्जाची शेवटची रात्र होती. कागद सगळे तयार होते. उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळाला, म्हणून ती शेवटच्या दिवशी आली. हे नेहमीचंच. आम्ही लॅपटॉप सुरू केला. तो सुरू व्हायला नऊ मिनिटं लागली. ब्राउझर उघडायला दोन. फोटो कमी केबीचा करायला घेतला तर पडदा पांढरा पडला. जातीचा दाखला चढवताना गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि 'सेशन एक्स्पायर्ड'. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी त्याला स्वतःला अपडेट करायची हुक्की आली. अकरा वाजता आम्ही शहरातल्या ओळखीच्यांना फोन करू लागलो. बारा वाजता खिडकी बंद झाली.

त्या मुलीनं ते वर्ष लग्नाच्या पंगतीत वाढपीण म्हणून उभं राहून काढलं. शिक्षण सोडलं नाही, हा तिचा मोठेपणा. पण साठ हजार गेले, ते आमच्या टेबलावरून गेले. व्यवस्थेला शिव्या द्यायची आम्हाला भरपूर सवय आहे आणि ती सवय चुकीची नाही. मुदत, दाखल्याला लागणारा वेळ, संकेतस्थळाची गर्दी, सगळ्यात दोष आहेच. पण त्या रात्री आमच्या हातात एक गोष्ट होती, ते यंत्र, आणि ती आम्ही वर्षभर तशीच पडू दिली होती. 'हळू चालते' असं म्हणत.

त्यानंतर आम्ही काय केलं? बैठक घेतली. नवीन लॅपटॉपसाठी निधी गोळा करायचा ठराव केला. एका नेत्यानं भाषणात दोन लॅपटॉप जाहीर केले, टाळ्या झाल्या, ते लॅपटॉप अजून रस्त्यातच आहेत. एका कंपनीनं सामाजिक दायित्वाच्या निधीतून वापरलेले लॅपटॉप वाटले, त्यातले तीन आम्हाला मिळाले. कार्यक्रम झाला, हार झाले, फोटो झाले, झाकणावर देणाऱ्याच्या नावाचा स्टिकर. घरी आणून पाहिलं तर एकाला चार्जर नाही, एकाची बॅटरी फुगलेली आणि तिसऱ्याला सुरू होण्याआधीच पासवर्ड. तो पासवर्ड कुणाला माहीत नाही. आम्ही आभाराचं पत्र मात्र पाठवून दिलं होतं. दान घेणारा तक्रार करू शकत नाही, हे दानाचं मुख्य तत्त्व आहे.

असं जवळजवळ वर्ष गेलं.

मग एका रविवारी आमच्याच वस्तीतला एक पोरगा आला. आयटीआय केलेला, खाणीवर कंत्राटदाराच्या हाताखाली इलेक्ट्रिशियन. त्यानं आमचा तो नऊ मिनिटांवाला लॅपटॉप उलटा केला, खिशातून बारीक पेचकस काढला आणि विचारलं, "सर, उघडू का?" आम्ही दचकलो. उघडायचा? खराब झाला तर? आमच्यात दोन एम.ए., एक बी.एड., एक वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. सगळे त्याच्याभोवती मोबाईलचा टॉर्च धरून उभे. दहा स्क्रू निघाले. त्यानं ते एका कागदावर लॅपटॉपचा आकार काढून, ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवत नेले. मागचं झाकण निघालं तेव्हा पहिल्यांदा दिसला तो पंखा. पंखा कसला, काळ्या नमद्याचा गोळा. लालपुलियाकडच्या कोळसा डेपोंची काजळी आणि जिनिंगमधून उडणारे कापसाचे तंतू, दोन्ही मिळून जाळीवर असा थर बसला होता की हवा जायला जागाच नव्हती. वणीच्या माणसाच्या छातीचा एक्स-रे आणि वणीच्या लॅपटॉपचा पंखा, दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहायला पाहिजेत.

"हा म्हतारा नाही झाला सर," तो म्हणाला. "याले दम लागून राह्यला."

दम का लागतो, ते त्यानं आम्हाला बाजार समितीच्या भाषेत सांगितलं. तसंच इथं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय दुकानदारापुढं आपण कायम गरीबच राहू. प्रोसेसर म्हणजे काट्यावर बसलेला मापारी. त्याचा हात चालतो. पण माल गोदामातून आणणारा हमाल एकच, तोही थकलेला. हा हमाल म्हणजे जुनी हार्ड डिस्क. तिच्यात खरोखर एक तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे, आणि तिच्यावर एक सुई इकडून तिकडं सरकत माहिती शोधते. एकच मोठा व्हिडिओ वाचायचा तर ती बरी चालते. पण लॅपटॉप सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली लागतात, त्या गोदामाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडलेल्या. प्रत्येक फाईलसाठी सुईची धावपळ. मापारी बिचारा बसून. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर दहा-पंधरा टक्के आणि डिस्क शंभर टक्के दिसते ती म्हणूनच. रॅम म्हणजे काट्याजवळचा ओटा, जिथं लागणारा माल आधीच आणून ठेवायचा. आमचा ओटा चार जीबीचा. आजच्या ब्राउझरचे सात-आठ टॅब उघडले की तो भरतो. मग जागा नाही म्हणून माल पुन्हा गोदामात, पुन्हा त्याच थकलेल्या हमालाच्या पाठीवर.

एसएसडीत तबकडी नाही, सुई नाही, फिरणारं काहीच नाही. चिपमध्ये साठवण असते. फाईल कुठल्याही कोपऱ्यात असो, ती जवळपास सारख्याच वेगानं मिळते. ज्या जागी जुनी अडीच इंची हार्ड डिस्क बसते त्याच जागी, त्याच जोडणीत एसएसडी बसतो. बस्स. एवढीच शस्त्रक्रिया.

तो पोरगा आणि आमच्यातला एक जण एस.टी.नं नागपूरला गेले, बर्डीवरून सामान आणलं. २५६ जीबीचा एसएसडी १,७५० रुपये. आठ जीबी रॅम १,२०० रुपये. ती रिकाम्या खाचेत बसली, जुनी चार जीबी तशीच ठेवली. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट १५० रुपये. घड्याळ चुकत होतं म्हणून आतला बटन सेल ३० रुपये. एकूण ३,१३०. पंख्याची साफसफाई फुकट, एका रंगाच्या ब्रशनं. नऊ मिनिटांचा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्यातला प्रत्येक जण मनात साठ हजारांतून ३,१३० वजा करत होता.

आता त्या तिघांना उत्तरं.

पहिला, साहेबाकडून नवा मागू म्हणणारा. नवा लॅपटॉप वाईट असतो असं आमचं म्हणणं नाही. प्रश्न असा आहे की मागायची वेळ कधी येते, आणि ती आपण स्वतःवर किती सहज आणतो. ३,१३० रुपये दहा जणांत वाटले तर माणशी ३१३ येतात. हे आपल्या वर्गणीतून निघतं. पंचवीस-तीस हजारांचा नवा लॅपटॉप निघत नाही, म्हणून आपण साहेबाच्या दारात जातो, आणि मग मतदानाच्या आदल्या रात्री साहेब आपल्या दारात येतो. शिवाय नव्याचं एक गुपित दुकानदार सांगत नाही. स्वस्तातल्या पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते. पुढं वाढवायची सोयच नाही. चार वर्षांनी पुन्हा तोच 'दम लागून राह्यला', आणि या वेळी पेचकसाचा उपयोग नाही. म्हणून नवा घ्यायचाच झाला तर पहिला प्रश्न हा विचारा: रॅमची खाच मोकळी आहे का, डिस्क बदलता येते का. रंग नंतर पाहा.

दुकानांविषयीही बोललं पाहिजे. आमच्या एका मुलाला एका दुकानात सांगण्यात आलं की मदरबोर्ड गेला, दुरुस्तीत अर्थ नाही, आमच्याकडे द्या, हजार रुपये कमी करून नवा देतो. त्यानं तो दिला नाही. रॅमची पट्टी काढून, तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसून परत बसवली, लॅपटॉप सुरू. सगळे दुकानदार असेच असतात असं नाही, आणि मदरबोर्ड खरोखर जातोसुद्धा. पण ज्याला आतलं काही माहीत नाही, त्याच्यासमोर 'मदरबोर्ड गेला' हे वाक्य भटजीच्या 'ग्रह फिरले' या वाक्यासारखंच चालतं. पडताळता येत नाही, म्हणून पैसे द्यावे लागतात. आपण एक पोथी सोडली ती दुसरी डोक्यावर घेण्यासाठी नाही.

दुसरा, मोबाईलवाला. मोबाईलवर पाहता येतं, ऐकता येतं, पुढं ढकलता येतं. शोधनिबंध लिहायचा, माहिती अधिकाराचा अर्ज मसुदा करायचा, अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात तारखावार घटनाक्रम मांडायचा, ग्रामपंचायतीच्या मागासवर्गीयांच्या राखीव खर्चाचा हिशेब तक्त्यात लावायचा, तर कीबोर्ड आणि मोठा पडदा लागतो. मोबाईलवर असलं काम ज्यांनी केलं त्यांचे डोळे विचारा. आणि मोबाईलवर भागत नाही तेव्हा आपला विद्यार्थी जातो कुठं? इंटरनेट कॅफेत. एका अर्जाचे शंभर-दोनशे रुपये जातात, ते एक वेळ सोडा. त्याचा पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत राहतो. आधार, जातीचा दाखला, बापाच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन होऊन परक्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर पडून राहतं. आमच्या तालुक्यातल्या किती मुलांची जात, उत्पन्न आणि खाते क्रमांक अशा उघड्या फोल्डरात असतील, याचा विचार केला तरी झोप उडते. मालकीचं यंत्र म्हणजे चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तो फोल्डर पाहावा.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातल्या ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरांत २३.४ टक्के. ही सरासरी झाली. आपल्या वस्त्या सरासरीच्या कोणत्या बाजूला आहेत ते सांगायला पाहणी लागत नाही. अशा वस्तीत जो एक लॅपटॉप असतो तो एका घराचा नसतो, पंधरा घरांचा असतो. तो बंद पडतो तेव्हा पंधरा घरं बंद पडतात.

तिसऱ्यांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो आमच्या मनातही होता. याचा चळवळीशी काय संबंध?

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे देऊन छापायलाही 'केसरी'नं नकार दिला होता. बाबासाहेबांनी ही गोष्ट विसरण्यासारखी मानली नाही. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढलं तेव्हा त्याचे रकानेच्या रकाने स्वतः लिहिले, आणि दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून राहायचं नाही म्हणून पुढं भारत भूषण छापखाना उभा राहिला. बॅरिस्टर माणूस. कोर्ट, कॉलेज, परिषदा एवढं सगळं असताना खिळे, शाई, कागद, यंत्र यांची उस्तवार त्यांनी का डोक्यावर घेतली असेल? ज्याच्या हातात यंत्र नाही त्याचं म्हणणं दुसऱ्याच्या मर्जीवर छापलं जातं, हे त्यांना 'केसरी'नं शिकवलं होतं. 'जनता', 'प्रबुद्ध भारत' हे सगळं त्याच धड्यातून आलं. जून २०१६ मध्ये दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, तिथला बुद्धभूषण छापखाना त्यात गेला, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. उतरायलाच पाहिजे होतं. पण त्या छापखान्यासाठी रडणाऱ्या आम्हीच आमच्या टेबलावरचा छापखाना नऊ मिनिटं लावून सुरू होतो हे वर्षभर चालवून घेतलं.

आणि याहून खोल एक गोष्ट आहे. तो पोरगा 'उघडू का' म्हणाला तेव्हा आम्ही का दचकलो? खराब होईल ही भीती खरी. पण आधीच खराब असलेल्या यंत्राचं आणखी काय खराब होणार होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर ते काम आम्हाला आमचं वाटत नव्हतं. आम्ही लिहिणारे, बोलणारे, शिबिरं घेणारे. पेचकस धरणारा तो दुसरा. १९३६ च्या 'जातिसंहारा'च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातीनं नुसती कामांची वाटणी केली नाही, काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी केली. बुद्धी एकीकडे व हात दुसरीकडे, असंच हे तुटणं. हे आम्ही वर्गात शिकलो, शिबिरांत शिकवलं, त्यावर परीक्षेत गुण मिळवले. आणि आमच्याच केंद्रात, आमच्याच वस्तीतल्या पोराला रविवारच्या चर्चेला कधी बोलावलं नव्हतं, कारण तो 'आयटीआयवाला' होता. लाइट गेली की त्याची आठवण यायची. ही उतरंड आम्ही बाहेरून आणलेली नव्हती, पदव्यांबरोबर घरात उगवली होती. आज तो दर रविवारी येतो. कधी आधी बोलतो, मग उघडतो. कधी उलट. गेल्या महिन्यात कंत्राटी कामगारांच्या किमान वेतनावर त्यानं जे मांडलं तसं आमच्यातल्या एकाही एम.ए.ला मांडता आलं नसतं.

भंगाराकडेही जरा पाहा. आपण 'फेका हे डबडे' म्हणतो तेव्हा ते जातं कुठं? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकावर जबाबदारी आहे, कागद उत्तम आहे. प्रत्यक्षात आमच्या गावातून ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातं, तिथून मोठ्या शहरात, आणि त्याचा मोठा हिस्सा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तिथं बायका आणि पोरं हातानं बोर्ड फोडतात, तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणासाठी तेजाबात बुडवतात. हे लोक कोण आहेत? दलित, मुसलमान, गाव सोडून आलेले भूमिहीन. मेलेलं जनावर ओढायचं काम नाकारायला आपल्याला महाडनंतरचा संघर्ष करावा लागला. आता मेलेलं यंत्र त्याच माणसांच्या दारात टाकलं जातं, आणि टाकणाऱ्यांत आपणही असू तर निदान ते खरोखर मेलं आहे का एवढं तरी तपासून टाकावं.

मायक्रोसॉफ्टनं 'अपात्र' ठरवलेल्या यंत्रांचंही तसंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या शेवटापासूनचा. आमचा पाचव्या पिढीचा आय-थ्री बाद. सुरक्षेचं कारण अगदीच खोटं नाही. विंडोज १० वर आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट घेण्याची सोयही कंपनीनं ठेवली आहे, ज्यांना विंडोज सोडता येत नाही त्यांनी ती घ्यावी. पण चालत्या यंत्राला कंपनीच्या तारखेनं मरण येत नाही. आम्ही त्यावर लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, हलकं आहे, अपडेट मिळतात, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे. केरळनं आपल्या सरकारी शाळांत कधीच असं मुक्त सॉफ्टवेअर नेलं, तिथली पोरं उबंटूवर आधारित प्रणालीवर शिकतात आणि त्यांचं काही बिघडलं नाही. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. "वर्ड कुठं गेलं जी?" मग लिब्रे ऑफिसची सवय झाली. शिष्यवृत्तीचे अर्ज ब्राउझरमधून भरता येतात. टायपिंगच्या परीक्षेचा सराव करणाऱ्यांसाठी मात्र एक विंडोजचं यंत्र वेगळं ठेवावं लागलं, हे कबूल. आणि एक विनंती: 'क्रॅक' केलेली चोरीची विंडोज दुकानातून टाकून आणू नका. ती क्रॅक करणारी फाईल आणखी काय काय करते ते तुम्हाला माहीत नसतं, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचा जातीचा दाखला आहे.

आंधळा उत्साहही नको. प्रोसेसर बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येत नाही, तेव्हा दहा वर्षांच्या आय-थ्रीवर व्हिडिओ एडिटिंगची स्वप्नं पाहू नका. बोर्ड जळाला असेल, बिजागऱ्या तुटून पडदाही गेला असेल, तर पैसे घालू नका, त्याचे सुटे भाग दुसऱ्याला लावा. बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, तो लॅपटॉप चार्जिंगला लावूच नका. रॅम घेण्याआधी जुन्या पट्टीवर डीडीआर३एल आहे की डीडीआर४ ते वाचा, खाच वेगळी असते, चुकीची बसत नाही. उघडण्याआधी चार्जर काढा, बॅटरी सोडवा, हात एखाद्या लोखंडी वस्तूला लावून मग आत घाला. आणि उशीर करू नका. मागच्या वर्षाच्या शेवटापासून रॅमचे आणि एसएसडीचे भाव चढले आहेत, कारण एआयची मोठमोठी डेटा सेंटरं चिपा गिळत सुटली आहेत. त्या केंद्रांना वीज लागते, विजेला कोळसा लागतो, आणि कोळसा कुठून जातो ते वणीकरांना सांगायला नको. आमच्याकडे राहते धूळ आणि दुपारची गेलेली लाइट.

काढलेली जुनी हार्ड डिस्कही फेकू नका. भंगारात दिलेल्या डिस्कवरून तुमचे सगळे दाखले परत काढता येतात. आम्ही ती तीनशे रुपयांच्या डबीत बसवली, पूर्ण पुसून तिच्यावर महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड भरले. थकलेला हमाल असला तरी ग्रंथालय सांभाळायला तो पुरेसा आहे, तिथं घाई नसते.

नोकरीतल्या बांधवांसाठी शेवटचं एक, आणि हे कडू लागेल. पोराला कॉलेजात गेल्यावर नवा लॅपटॉप घेऊन दिला, चांगलं केलं. जुना कुठं आहे? कपाटात, चादरीखाली. दोन वर्षांनी तो भंगारवाल्याला दीड हजारात जाईल. 'पे बॅक टू सोसायटी' यावर आपण जयंतीला तासभर बोलतो. तो जुना लॅपटॉप जवळच्या अभ्यास केंद्रात आणून द्या, चार्जरसकट, आणि पासवर्ड कागदावर लिहून. स्टिकर लावायचा असेल तर लावा, आम्ही काढणार नाही. फक्त हारतुरे नकोत. तो उघडायला बसलो की आमच्या शेजारी बसा.

स्वाधारचा अर्ज त्या मुलीनं पुढच्या वर्षी आमच्याच टेबलावर बसून भरला. मुदतीच्या आठ दिवस आधी, चाळीस मिनिटांत. मंजूर झाला. मागच्या वर्षाचे परत मिळाले नाहीत, मिळत नसतात.

केंद्रात आता सहा यंत्रं चालू आहेत. त्या पासवर्डवाल्या लॅपटॉपचं काय करायचं ते अजून ठरलं नाही, देणाऱ्या कंपनीला दोन पत्रं पाठवली आहेत, तिसरं जाईल. एका लॅपटॉपचा मागचा कोपऱ्यातला स्क्रू घासला गेला आहे आणि काही केल्या निघत नाही. पोरगा म्हणतो, पेचकस आणि स्क्रूच्या मध्ये रबरबँडचा तुकडा धरून दाबला की निघतो. रविवारी दहा वाजता पाहायचं आहे. ज्यांच्याकडे बारीक पेचकसांचा संच असेल त्यांनी घेऊन यावा. आमच्या संचातला सगळ्यात लहान हरवला आहे.

जय भीम.